तारेनं फाटलेला कोपरा

आप्पा चौगुल्यांची पेटी सध्या माझ्या कपाटात आहे. तिच्यात जुनी पोस्टकार्डं आहेत, किती ते मी मोजलेलं नाही. कुणी पाहुणे आले की मी ती काढून दाखवते. लोक कौतुकानं चार कार्डं वाचतात, ‘काय चिकाटी म्हणायची माणसाची’ असं म्हणतात, आणि मी चहा टाकायच्या निमित्तानं आत जाते. त्या पेटीत नसलेलं एक कार्ड मला माहीत आहे. आप्पांना आयुष्यात खरं तर तेवढं एकच कार्ड हवं होतं. ते माझ्या हातून गेलं, आणि हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आता आप्पा नाहीत. निदान लिहून तरी मोकळं व्हावं म्हणून बसले आहे, पण मोकळं होता येईल असं वाटत नाही.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या दारासमोरच त्यांचं दार. लाल गाडीवर कंडक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली आणि त्यातली बहुतेक आजऱ्याच्या रस्त्यावर. माणूस उंच, काटकुळा, निवृत्त झाल्यावरही अंगात खाकी पँटच. ‘दुसरी घातली की पाय वळकत न्हाईत,’ म्हणायचे. गाडीतल्या गर्दीतून वाट काढायची सवय अंगात इतकी मुरलेली की रिकाम्या बोळातूनही एक खांदा पुढं काढून चालत. लग्नात जेवणाची रांग लागली की कुणी न सांगता व्यवस्था त्यांच्याकडे. ‘पुढं सरका पावणं, पुढं जागा हाय,’ असा आवाज आला की आप्पा आले हे स्वयंपाकघरात कळायचं. तिकिटाला भोक पाडायचा एक जुना पंच त्यांनी भंगारवाल्याकडून हौसेनं घेतला होता. तो कायम खिशात. विचार करायला लागले की तो हवेतच टकटक वाजवत. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्या आवाजाचा वीट यायचा. ‘एक दिवस माझ्या कानालाच भोक पाडशिला,’ म्हणायच्या.

पण जन्मभर भोकं पाडलेला हा माणूस पोस्टकार्डाला सुईसुद्धा लागू देत नसे.

त्यांचा हा नाद गाडीवरच सुरू झाला. पूर्वी घराघरांत आढ्याला एक तार टांगलेली असायची, खाली आकडा नाहीतर लाकडी चकती. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत टोचायचं. वर्षानुवर्षांची पत्रं एकावर एक चढत जायची. घरं नवी झाली, कौलं गेली, स्लॅब आले, आणि तारा उकिरड्यावर गेल्या. आप्पा प्रत्येक थांब्यावर ओळखीच्या माणसाला विचारत, ‘घरात तार हाय का? टाकणार असशील तर मला दे.’ माणसं हसायची, पण द्यायची. गाडी सुटायच्या आधी एखादी म्हातारी पदराखाली गंजकी तार घेऊन धावत यायची. आप्पा ती आपल्या सीटखाली ठेवायचे आणि घरी आल्यावर तासन् तास बसून तारेवरून एकेक कार्ड सोडवायचे. ओढायचे नाहीत. तार खालून कापायची आणि कार्ड हळूच उतरवायचं, ही त्यांची रीत.

कार्डं लावायची पद्धतही कंडक्टरचीच. साल नाही, विषय नाही. गाडीच्या थांब्यांप्रमाणे कप्पे. कोल्हापुरापासून सुरू व्हायचं आणि आजऱ्याला संपायचं. मी पालिकेच्या शाळेत शिकवणारी, मला हे बघवायचं नाही. ‘आप्पा, तारखेप्रमाणे लावा, अभ्यासाला बरं पडतं,’ असं मी म्हटलं तर म्हणाले, ‘अभ्यास तू कर. मला माणूस कुठं उतरला ते कळलं म्हंजे बास.’

एकदा पुण्याचे एक संग्राहक त्यांचं नाव ऐकून आले. हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग. आप्पांकडे चित्रांची जुनी कार्डंही थोडी होती, राजवाड्याची, तलावाची, कुठल्याशा गोऱ्या मडमेची. ती बघून पाहुण्यांनी घाईनं भिंग डोळ्याला लावलं. पलटून बघतात तर मागं काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे तर त्यांना फारच आनंद झाला. आप्पांनी विचारलं, ‘तुमच्याकडं लिवलेली असत्यात का?’ ते म्हणाले, असतात, पण खराब झालेली म्हणून बाजूला काढतो. मग झाला सौदा. चित्रं पुण्याला गेली आणि आठवड्यानं पुण्याची ‘खराब’ कार्डं खोकं भरून आली. कुणाचा ताप उतरला, कुणाची म्हैस व्याली, कुणाला चपला हव्यात, असलाच मजकूर. आप्पांना वाटत होतं आपण पाहुण्याला फसवलं. दोन दिवस ते चुटपुटत होते.

कार्डातलं माणूस हयात आहे असं कळलं तर ते त्याचं त्याला नेऊन देत. आमच्या तालमीचे एक वस्ताद होते. त्यांच्या आवाजानं पोरं चळाचळा कापायची. त्यांनी अकराव्या-बाराव्या वर्षी तालमीतून आईला लिहिलेलं कार्ड आप्पांना रद्दीत मिळालं. इथं मला करमत नाही, रात्री रडू येतं, मोठी पोरं माझं दूध पितात, मला न्यायला ये. आप्पांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणी बघत नाही असं पाहून वस्तादांच्या हातात दिलं. पेठेत अशी गोष्ट कळली असती तर वस्तादांना तालमीची पायरी चढणं अवघड झालं असतं. आप्पा कुणाला बोलले नाहीत, मलाही फार उशिरा सांगितलं. वस्ताद आठ दिवस त्यांच्याकडे बघेनात. नवव्या दिवशी आले, कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, ‘चष्मा इसरलोय. जरा वाचून दाव.’ मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत होते.

आता कोपऱ्याचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे. माणूस गेल्याचं कार्ड पाठवताना त्याचा एक कोपरा फाडायची आपल्याकडे रीत. पोस्टमननं असं कार्ड दिलं की ते उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. घरात आणायचं नाही, तारेत तर नाहीच नाही. माझ्या आईनं हे मला इतकं बिंबवलं होतं की पुढं लग्नपत्रिकेचा कोपरा दुमडलेला असला तरी मला चैन पडायचं नाही. आप्पा मात्र तसली कार्डंही ठेवत. एकदा त्यांनी आमच्या पुढच्या सोप्यात एक कोपरा फाटकं कार्ड खिशातून काढलं, तर आईनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि सोपा पुसून घेतला. बाहेर उभे राहून ते हसत होते. म्हणाले, ‘वैनी, पन्नास वर्सं झाली त्येला मरून. आता सुतक संपलं असंल की.’

त्यानंतर त्यांनी मला मुद्दाम बोलावून दोन कार्डं दाखवली. दोन्हींचा कोपरा गेलेला. ‘नीट बघ शुभा. ह्येच्या कडंला गंज हाय न्हवं? ह्ये तारेनं फाटलंय. कुणीतरी घाईनं वडलं असणार. आन् ह्ये हातानं फाडलंय, बघ कसं कोरडं हाय. एक जित्याचं, एक मेल्याचं. दिसायला सारखीच.’ मी दोन्ही हातात घेऊन बघितली. मला फरक कळला. मी शिकवणारी बाई, मला एकदा सांगितलं की लक्षात राहतं, असा माझा समज होता.

आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ती गोष्ट ह्यानंतर चार-पाच वर्षांची. डोळ्यावर काळा चष्मा, वाचायची बंदी, वाकायचं नाही, धुरात जायचं नाही. माणूस नुसता तळमळत होता, कारण नेमकं त्याच आठवड्यात आजऱ्याहून त्यांच्या मामेभावानं एक पोतं पाठवलं होतं. मामाचं जुनं घर उतरवायला काढलं होतं, त्याच्या माळ्यावरची पत्रं. रविवारी सकाळी आप्पांनी मला हाक मारली. म्हणाले, ‘तू वाच, मी ऐकतो.’

आम्ही त्यांच्या मागच्या पडवीत बसलो. पोत्यात तारा नव्हत्या. मामेभावाच्या पोरांनी घाईनं सगळं ओरबाडून भरलं होतं. निम्म्याला वाळवी लागलेली. जे गेलंच आहे ते मी शेजारच्या वेताच्या बुट्टीत टाकत होते, काकूंना बंब पेटवायला. जे चांगलं ते वाचत होते. आप्पा पंच टकटकवत ऐकत होते.

तासाभरानं एक कार्ड हातात आलं, कोपरा फाटलेलं. आणि माझ्या हातांनी ते फाडलं. मी फाडलं असं म्हणायलाही जीभ वळत नाही, पण हात माझेच होते. वाचायच्या आधी, बघायच्या आधी, आईनं शिकवल्यासारखं मधोमध फाडलं, मग पुन्हा मधोमध, आणि बुट्टीत टाकलं. टाकता टाकता एका तुकड्यावरची ओळ दिसली, पेन्सिलीनं लिहिलेली. ‘चि. आप्पूच्या गालाचा मुका घेणे.’ आणि तुकड्याच्या कडेला तांबूस गंज.

मी पुढचं कार्ड उचललं नाही. आप्पांना वाटलं मी दमले. ते आपणहून बोलायला लागले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला अक्काचं सांगितलं.

अक्का त्यांची थोरली बहीण. आप्पा सहा वर्षांचे असताना तिचं लग्न झालं, इचलकरंजीत दिली. घराण्यात शाळेत गेलेली ती पहिली पोरगी, चौथीपर्यंत. दर महिन्याला आईला कार्ड लिहायची. उन्हाळ्यात आई पोरांना घेऊन आजऱ्याला भावाकडे जायची, तेव्हा कार्ड तिथं यायचं. आईला वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि आप्पा मांडीवर बसून ऐकायचे. शेवटी त्यांच्या गालाचा मुका आला की लाजून पळून जायचे. दोन वर्षांत, पहिल्या बाळंतपणात, अक्का गेली. ती गेल्याचं कार्ड पोस्टमननं दिलं तेव्हा आईनं नुसता कोपरा बघितला आणि वाचून घ्यायच्या आधीच हंबरडा फोडला.

‘तिचा फोटू न्हाई,’ आप्पा म्हणाले. ‘तोंड आठवत न्हाई. आईच्या तारेत सगळी कार्डं हुती. मी डुटीवर असताना माझ्या थोरल्या भावाच्या बायकूनं, वैनीनं, चुलीत घातली. तिला कुठं वाचाया येत हुतं, तिचं काय चुकलं? तवापास्नं बघतोय. लोकास्नी वाटतं मला नाद हाय. एक कार्ड घावलं तर बास हाय मला, शुभा. आजऱ्यात असणार, मला म्हाईत हाय.’

त्यांच्या वहिनीला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

आणि तरी अजून काही बिघडलं नव्हतं, हे मला आज सगळ्यात जास्त खातं. चार तुकडे बुट्टीत वरच पडले होते. हात घालून काढायचे, पाटावर जुळवायचे आणि म्हणायचं, आप्पा, चुकले, पण हे बघा. फाटक्या कार्डाचं त्यांना काय वावडं? वाळवीनं खाल्लेली कार्डं ते भाताच्या पेजेनं चिकटवत बसायचे. पण मला लाज वाटली. शिकवून सवरून हिनं असं केलं, हे त्यांच्या तोंडावर दिसेल याची भीती वाटली. मी ठरवलं, ते आत गेले की तुकडे काढून घेते, घरी जुळवते, मग आणून देते. चुकलेला शब्द गुपचूप खोडून पोरं वही दाखवतात ना, तसलाच विचार. आप्पा उठेनात. बोलतच राहिले. अक्का त्यांना भाकरीवर गूळ घालून द्यायची, विहिरीवर पाठीवर बसवून न्यायची. मी बुट्टीकडे बघत हो हो म्हणत होते. मग काकू आल्या, म्हणाल्या, ‘झालं का गं तुमचं? ह्यांच्या आंघोळीचं पाणी न्हाई तापलं अजून,’ आणि बुट्टी उचलून घेऊन गेल्या. मी तोंड उघडलं. काकूंनी मागं वळून विचारलं, ‘काय गं?’ मी म्हटलं, काही नाही.

आप्पांनी त्या पाण्यानं आंघोळ केली.

पोतं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘अक्काचं एकबी न्हाई?’ मी नाही म्हटलं. ‘पेन्सिलीनं लिवायची ती,’ ते म्हणाले. मी पुन्हा नाही म्हटलं.

चूक होते माणसाच्या हातून. पण पुढचं सगळं मी जाणूनबुजून केलं. डोळा बरा झाल्यावर आप्पा आजऱ्याला गेले. घर उतरवायचं काम चालू होतं, त्या मातीत ते दोन दिवस बसून होते. एखादं कार्ड खाली पडलं असेल, वासा आणि भिंतीच्या मध्ये अडकलं असेल असं त्यांना वाटत होतं. हात हलवत परत आले. पावसाळ्यानंतर पुन्हा गेले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा काकू आमच्याकडे येऊन म्हणाल्या, ‘तू तरी सांग बाई त्येंला. सत्तरीचं माणूस, कुठं माती उपसत बसतंय. तुझं ऐकत्यात.’ मी सांगितलं. म्हटलं, आप्पा, नसेल तिथं, कशाला जाता. ते म्हणाले, ‘तुला काय म्हाईत?’ सहज म्हणाले. प्रत्येक खेपेला येताना ते माझ्यासाठी आजऱ्याचे काजू आणायचे, कारण मी त्यांना कार्डं वाचून दाखवली होती. ते काजू मी खाल्ले.

दोन वर्षांनी काकू गेल्या. त्या सकाळी बुट्टी नेताना माझं उघडलेलं तोंड बघितलेलं एकच माणूस होतं, तेही गेलं. खरं सांगते, दुःखाच्या तळाशी मला थोडं सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्याची इतकी घृणा आली की तेराव्याला मला घास उतरेना.

पुढं आप्पांचा मुलगा त्यांना इचलकरंजीला न्यायला आला. त्याचे चार माग तिथं, घर मागाच्या शेडला लागूनच. आप्पांचे कान तोवर गेलेच होते. ‘तितं खटखटीत मला झोप चांगली लागंल,’ म्हणाले. जायच्या आदल्या दिवशी पेटी घेऊन आमच्याकडे आले. मुलाच्या घरी जागा नव्हती आणि शेडच्या कापसात कागद टिकायचा नाही. पेटी त्यांनी माझ्या कॉटवर ठेवली, झाकणावरून हात फिरवला.

‘तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुणाला देऊन उपेग न्हाई. तारेनं फाटलेला कोपरा तुलाच कळतोय.’

त्या वेळी सांगायचं होतं. मी पेटी उचलून कपाटात ठेवली.

सामान टेम्पोनं पुढं गेलं. आप्पा मात्र लाल गाडीनंच जाणार म्हणून अडून बसले. मी स्टँडवर पोचवायला गेले. खिडकीजवळच्या सीटवर बसल्यावर त्यांनी खिशातून एक कोरं पोस्टकार्ड काढून मला दिलं. पत्ता त्यांनी स्वतःच्या हातानं घातला होता. अक्काचं कार्ड कुठं मिळालं तर फोन करू नको, मला ऐकू येत नाही, दोन ओळी टाक, म्हणाले. तिचं सासर त्याच गावात होतं. आपणही तिकडं एखाद्या घरी तार राहिली आहे का बघतो, म्हणाले. इचलकरंजी म्हणजे तासाभराचं गाव. त्यानंतर दीड वर्ष ते होते आणि मी एकदाही गेले नाही. गेल्या वर्षी पेठेतल्या ग्रुपवर मेसेज आला, त्यांचा खाकी शर्टातला फोटो आणि खाली फुलं. असली बातमी ठेवायची नसते. मी तो मेसेज अजून पुसलेला नाही. कोरं कार्ड पेटीत सगळ्यात वर आहे. पुष्कळदा पेन घेऊन बसले, मायन्यापुढं गेले नाही.

त्या दिवशी स्टँडवर गाडी सुरू झाली. कंडक्टरनं दार ओढलं. सगळं अंग हादरत होतं त्या गाडीचं, आणि तेव्हा, आता ऐकू जाणार नाही अशी खात्री झाल्यावर, माझ्या तोंडून ते निघालं. खिडकीचा गज धरून मी म्हटलं, ‘आप्पा, अक्काचं कार्ड आलं होतं. मी फाडलं. माझ्या हातानं फाडलं.’

त्यांनी कानामागं हात धरला. ‘काय म्हन्तीस?’

मी पुन्हा म्हणायला गेले, तोवर गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चालले. ते हसले. डाव्या हाताचा तळवा पुढं करून उजव्या हाताच्या बोटानं त्यावर लिहिल्यासारखं करून दाखवलं.

‘लिवून कळव की!’

मग सवयीनं हात वर नेऊन घंटेची दोरी चाचपली. गाडीला आता दोरी नव्हती. हात तसाच वर राहिला, आणि गाडी वळली.